साठ टोप्या आणि तीनशे डोकी

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आहे. लांबलचक आहे, म्हणून त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देते:

‘आमच्या सोसायटीत आम्ही अकरा जणी दुपारी चार वाजता विणायला बसतो. बहुतेक साठीच्या पुढच्या. गेल्या दिवाळीनंतर सुरुवात केली आणि संक्रांतीपर्यंत साठ कानटोप्या, वीसेक मफलर आणि नऊ स्वेटर झाले. ओळखीतल्या एका संस्थेमार्फत ते एका आश्रमशाळेला पाठवले. जूनमध्ये आमच्यातली एक जण त्या बाजूला गेली होती, ती शाळेत डोकावली. जवळजवळ सगळा माल कोठीत पोत्यात तसाच बांधलेला! तेव्हापासून दोघी येईनाशा झाल्या. मुलगा म्हणतो, आई, एका स्वेटरला तू तीनशेची लोकर आणि दोन आठवडे घालतेस, तेवढ्यात रस्त्यावर दोन स्वेटर येतात, त्यापेक्षा ब्लँकेटं घेऊन वाट. उरलेल्यांत कोणी म्हणतं सियाचीनच्या जवानांसाठी विणू, कोणी म्हणतं हॉस्पिटलातल्या बाळांसाठी. मला हे बंद करायचं नाही. पण पुन्हा पोत्यातच जाणार असेल तर सुई हातात घ्यावीशी वाटत नाही.’

ताई,

आधी मुलाचा हिशोब बघू, कारण तो बरोबर आहे. लुधियानाच्या यंत्रावर स्वेटर ज्या वेगाने निघतो त्याच्याशी दोन सुयांनी टक्कर देता येत नाही. थंडीत शहरोशहरी तिबेटी लोक स्वेटरांचे स्टॉल लावतात ना, तो मालही बहुतेक लुधियानाचाच असतो. तेव्हा जास्तीत जास्त मुलांच्या अंगावर काहीतरी उबदार पडावं एवढाच हेतू असेल, तर विणू नका, विकत घ्या. यात तुमच्या कलेचा काही अपमान नाही. तुम्ही शोधायचं ते एवढंच, की बाजारात मिळत नाही, किंवा मिळतं पण घालणाऱ्याच्या मापाचं आणि त्याच्या कातडीला सोसणारं नसतं, असं तुमच्या हातून काय होईल? अशा गोष्टी आहेत, त्यांच्याकडे येतेच.

पोतं का उघडलं नाही, याचं उत्तर मला तुमच्या पत्रात सापडलं. साठ टोप्या. शाळेत मुलं किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की पाठवण्याआधी विचारलंही नसावं. निवासी आश्रमशाळेत तीनशे मुलं असणं काही विशेष नाही. आता घटकाभर तिथल्या अधीक्षकांच्या खुर्चीत बसा. साठ टोप्या, प्रत्येकीचा रंग निराळा, आणि समोर तीनशे डोकी. पहिलीच्या वर्गाला दिल्या तर दुसरीची मुलं रडणार. पहिल्या नंबराच्यांना दिल्या तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? नऊ स्वेटरांचं तर नावच नको. शिवाय संक्रांतीला तुमचं विणून संपलं, म्हणजे पार्सल पोचेपर्यंत जानेवारी सरत आला असणार. डोंगरातल्या पहाटा फेब्रुवारीतही गारठलेल्या असतात, पण शाळेच्या लेखी तोवर हिवाळा उलटून परीक्षा दारात आलेल्या असतात. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून पोतं कोठीत गेलं असेल, तर मी त्या अधीक्षकांना दोष देणार नाही.

अर्थात हा माझा तर्क. खरं कारण तेच सांगतील, म्हणून फोन करा. ‘वाटल्या का नाहीत’ या सुरात नको. ‘पुढच्या वेळी कसं पाठवलं तर तुम्हाला सोयीचं होईल’ असं विचारा. त्यांना उपयोग नसेल तर सरळ परत मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. जिल्हा परिषदेच्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट वीस-पंचवीसचा असतो. तुमच्या साठ टोप्यांत अशा दोन शाळा एकही मूल न वगळता पार पडतील, आणि तेही दिवाळीच्या आत.

ही फजिती तुमच्या एकट्यांची नाही. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंड नावाचं बेट आहे, तिथे छोटे पेंग्विन राहतात. समुद्रात तेल सांडलं की ते त्यांच्या पिसांना लागतं, चोचीने पिसं साफ करताना पोटात जातं आणि पक्षी मरतो. म्हणून आंघोळ घालेपर्यंत त्याच्या अंगावर लोकरीचा इवलासा स्वेटर चढवतात, म्हणजे चोच पिसांपर्यंत पोचत नाही. 2001 साली तिथे 438 पेंग्विन तेलात सापडले होते, त्यांतले 96 टक्के वाचले. ही गोष्ट जगभर गेली आणि मग जगभरातून स्वेटर यायला लागले. येतच राहिले. पेंग्विन बिचारे तेवढे नव्हतेच! शेवटी जादा स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून ते विकायला ठेवले आणि तो पैसा पक्ष्यांसाठी वापरला. त्यांनी मार्ग काढला हे चांगलंच झालं, पण विणणाऱ्यांनी आधी एक चौकशी केली असती तर तेवढी लोकर आणखी कुठे कामी आली असती.

याच्या उलट उदाहरण 1914 चं. महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडच्या मेरी राणीने सैनिकांसाठी तीन लाख मोजेजोडांची हाक दिली. खंदकातल्या चिखलात मोजे ओले राहिले की पाय अक्षरशः सडायचे, म्हणून कोरडे मोजे बदलायला मिळणं ही चैन नव्हती. युद्धाच्या त्या वर्षांत रेड क्रॉसने विणणाऱ्यांना छापील नमुनेच दिले: इतके टाके घाला, इतकी लांबी करा, रंग हाच. विणणारीच्या हौसेला त्यात जागा नव्हती, आणि म्हणूनच ते मोजे पायात गेले. आपल्याकडे 1962 च्या चीन युद्धात जवानांसाठी घरोघरी स्वेटर विणले गेले, ते तुमच्यातल्या सत्तरीपुढच्या कोणाला आठवत असेल. मैदानी मुलखातून सुती कपड्यांवर हिमालयात चढवलेल्या तुकड्या होत्या त्या. गरज खरी होती.

आज सियाचीनला तशी गरज नाही. उणे पन्नासच्या थंडीसाठी एकावर एक थरांचे खास कपडे लागतात आणि ते सैन्य पुरवतं. घरी विणलेला स्वेटर तिथे पोचवायचा म्हणजे पोचवणाऱ्यालाच ताप. जवानांसाठी काही करायची इच्छा असेल तर 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी द्या. हा विषय मी इथेच मिटवते.

बाळांचं मात्र खरं आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यातून ओलं, आणि अंगावर चरबी कमी. त्यामुळे उष्णता भराभर जाते. वजन कमी असेल तर आणखीच. अशा बाळांसाठी ‘कांगारू मातृ सेवा’ म्हणून पद्धत आहे. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, डोक्याला टोपी आणि पायांत मोजे. 2021 मध्ये पाच देशांतला एक मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवली तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ऊब देते ती आईच. टोपी तिच्या मदतीला असते, आणि हे लक्षात असलं की आपण टोपीवर नको ते लाड करत नाही.

बाजारात मिळणारी टोपडी पूर्ण दिवसांच्या बाळाची. त्याच्या डोक्याचा घेर 33 ते 35 सेंटीमीटर असतो. दीड किलोच्या बाळाचा साधारण 28-29. एवढी टोपी दुकानात मागितली तर दुकानदार बाहुलीची देईल! हे तुमच्या हातचं काम आहे: मऊ बेबी लोकर किंवा सुती धागा, काठाला उलट-सुलट टाक्यांची ताणणारी पट्टी, वर साधी सुलट वीण, शिवण चपटी आणि जमल्यास बाहेरून. जाळीची वीण नको, मोज्यांत तर मुळीच नको, चिमुकली बोटं अडकतात. गोंडे नकोत, मणी नकोत, बटणं नकोत, नाड्या नकोत, केसाळ लोकर नको. तुमच्यातल्या कोणाचा चेहरा पडणार हे मला इथून दिसतंय, पण हा नियम मोडायचा नाही.

यासाठी जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असतो, तिथल्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. त्या काही ठिकाणी सरळ ‘नको’ म्हणतील, कारण जंतुसंसर्गाची धास्ती असते आणि बाहेरचं कापड आत घेणं हा त्यांच्या डोक्याला ताप असतो. तो नकार मनाला लावून घेऊ नका. ‘हो’ म्हणाल्या तर धुण्याची रीत विचारा: पाणी किती गरम चालतं, वाळवून कसं बांधायचं. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही तरी पाळा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. त्यातल्या नॅफ्थलिनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. पावसाळ्यात विणलेलं कुबट होईल म्हणून आपला हात आपसूक त्या गोळ्यांकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं. उन्हात वाळवून कोऱ्या पिशवीत बंद करा, पुरे. आणि बरोबर चिठ्ठी घाला: बाळ धडधाकट होऊन घरी गेल्यावर झोपेत टोपी नको. आपल्या हवेत बाळ तापतं, आणि टोपी नाकातोंडावर सरकण्याची भीती असते.

डोंबिवलीहून परळ लांब नाही. टाटा रुग्णालयात देशभरातून माणसं येतात आणि महिनोन्‌महिने धर्मशाळांत राहतात. केमोथेरपीने केस गेले की डोक्याची कातडी इतकी हळवी होते की साधी शिवणही टोचते. मुंबईत थंडी कसली, असं म्हणाल, पण वातानुकूलित खोलीत तासन्‌तास सलाईन घेत बसलेल्या माणसाला विचारा. शिवाय यांतले कित्येक जण उपचारांच्या मधल्या सुट्टीत उत्तरेकडे गावी जातात, ऐन डिसेंबरात. त्यांना मेंढीची लोकर चालत नाही, ती खाजते. मऊ सुती धागा, क्रोशाने गोलात विणलेली, एकही शिवण नसलेली टोपी. पुरुषांसाठीही करा, त्यांच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तुमच्यात कोणाचा हात फारच बारीक असेल तर आणखी एक काम आहे. ते उबेचं नाही, पण सांगते: स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रामध्ये घालायचे सुती, विणलेले, आत पोकळ तंतूंचा कापूस भरलेले स्तन. सिलिकॉनचे हजारोंच्या घरात जातात, जड असतात आणि उन्हाळ्यात घामाने नकोसे होतात. अमेरिकेत 2011 पासून स्वयंसेवक हे विणून फुकट देतात, आपल्याकडेही देणाऱ्या बायका आहेत. त्यांचा नमुना टाक्याला टाका पाळावा लागतो.

आता थंडीचं बोलू, महाराष्ट्रातल्या खऱ्या थंडीचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या आसपास कोप्यांत राहतात. पाचट आणि ताडपत्रीची कोपी, भोवती भिजवलेलं रान, आणि पहाटे अंधारात आईबाप दोघंही फडात. पोरं कोपीत, नाहीतर फडाच्या बांधावर. तुमच्या गटाने या वर्षी एक टोळी घ्यावी असं मला वाटतं. साधारण दहा-पंधरा कोयत्यांची टोळी असते (नवरा-बायको मिळून एक कोयता), म्हणजे मुलं मोजता येण्याजोगी आणि एकही न वगळण्याजोगी. कारखान्याजवळच्या गावातल्या अंगणवाडी सेविका किंवा त्या भागात काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडून माहिती मिळेल. वय विचारून भागणार नाही, छातीचा घेर मागवा. टोळी येईपर्यंत नेमका आकडा कळणार नाही, म्हणून आत्ता मधल्या मापाचे करून ठेवा आणि अगदी लहान-मोठे शेवटी विणा.

काय विणायचं? बिनबाह्यांचे स्वेटर. लोकर कमी लागते, काखेत आवळत नाहीत, पोर वाढलं तरी पुढच्या हंगामात चढतात. आणि कानटोप्या, हनुवटीखाली न बांधता बसणाऱ्या. मफलर अजिबात नको. बैलगाडीचं चाक, ट्रॅक्टर, खेळताना गळ्याला फास, धोके किती मोजायचे! रंग गडद, मळखाऊ. पाणी लांबून आणावं लागतं तिथे पिस्ता रंगाचा स्वेटर कोण धुणार?

आणि आग. कोपीच्या दाराशी चूल असते, पहाटे पाचटाची शेकोटी असते. आपण ज्याला लोकर म्हणून घरी आणतो ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. त्यावर ठिणगी पडली तर पेटतं, वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मेंढीची लोकर सहजी पेट घेत नाही, आणि घेतलाच तर ज्वाळा दूर केल्यावर बहुधा विझते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिकचा कडक मणी होतो. या मुलांसाठी खरी, मऊ लोकरच घ्या, महाग पडली तरी. गरम पाण्यात ती आटते, पण तिथे गरम पाण्यात कपडे धुण्याची चैन कोणाला आहे?

खर्च वाढेल, त्यासाठी मुलाला कामाला लावा. त्याची ब्लँकेटांची सूचना इथे बसते, फक्त ब्लँकेटांऐवजी त्याने घोंगड्या घ्याव्यात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, लहान मुलांच्या अंगाला टोचेल, पण मोठ्यांना पांघरायला आणि अंथरायला तिच्यासारखं काही नाही. दंव अंगाला लागू देत नाही, आगीजवळही बरी. सातारा-सोलापूरकडे अजून हातमागावर विणतात. विणणाऱ्यांनाही दोन पैसे मिळतील.

येईनाशा झालेल्या दोघींचं काय? त्यांना राग आला तो अनाठायी नाही. दोन महिने मान मोडून केलेलं काम पोत्यात पाहणं कोणाला आवडेल? पण मला वाटतं, त्यांना विणण्यात आनंद होता तो नक्षीत, रंगांच्या जोडण्यांत. गरजूंसाठी विणायचं म्हटलं की ते सगळं गळून पडतं: साधी वीण, गडद रंग, गोंडा नाही. सगळ्यांनाच ते रुचेल असं नाही आणि रुचावं असा आग्रहही नको. त्या दोघींना तोरणं, रुमाल, गोंड्यांच्या रंगीत टोप्या करू द्या, हव्या तितक्या नखऱ्याच्या. दिवाळीत सोसायटीतच टेबल मांडून विका आणि त्या पैशाची खरी लोकर आणा. चार वाजताच्या बैठकीची तुम्हा सगळ्यांनाच गरज आहे, हे पत्रात कुठे लिहिलेलं नाही पण ओळीओळीत दिसतं. ते उघड मान्य करा. फक्त आपल्या दुपारची सोय टोळीतल्या पोरांच्या गळ्यात बांधू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, प्रत्येक वस्तूवर गटाच्या नावाची पट्टी शिवावी का. नको. शिवायचीच असेल तर आतल्या बाजूला मापाची शिवा, म्हणजे वाटणाऱ्याला ढिगातून शोधत बसावं लागणार नाही. वाटपाचे फोटोही मागू नका. पोचल्याची पावती म्हणून सेविकाताईंचा एक फोन पुरे, आणि त्या फोनवर कुठला स्वेटर कोणाला तोकडा झाला ते जरूर लिहून घ्या.